समासात लिहिलेलं

ज्या संध्याकाळी ती नवस बोलली, त्या संध्याकाळी मी अजून दुकानात, सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात होते. पण तो नवस तिने माझ्या पहिल्याच पानावर उतरवून ठेवला, म्हणून मला पाठ आहे. 'हे स्वतःच्या पायांनी घरात आले, तर रोज शंभर वेळा तुझं नाव लिहीन. वही तुझ्याशिवाय कुणाला दाखवणार नाही.'

मीच ती वही. चारशे पानी, जाड पुठ्ठ्याची, डावीकडे तांबड्या रेघेचा समास असलेली.

तिचे यजमान सैन्यात होते. शेवटचे आठ महिने त्यांच्याकडे छावणीच्या कडेचा कचऱ्याचा खड्डा होता. टायर, प्लॅस्टिक, बॅटऱ्या, रंगाचे डबे, जे येईल त्यावर डिझेल ओतायचं, पेटवायचं आणि विझेपर्यंत तिथेच उभं राहायचं. नोकरी संपताना डॉक्टरांनी विचारलं, काही तक्रार? घरी जाणारी गाडी सुटायला तासच उरला होता. 'काही नाही' म्हणत त्यांनी सही ठोकली आणि चालत घरी आले. बाईने त्याच दिवशी मला उघडलं.

रोज एक पान. स्वयंपाकघर आवरलं की ती देवापुढे बसायची. दहा ओळी, ओळीत दहा नावं. बाराव्या दिवशी मात्र तिचा हात त्र्याहत्तरावर थांबला. ती धावत आत गेली, ती परत आलीच नाही. दुसऱ्या दिवशी आधी तिने राहिलेली सत्तावीस नावं भरली. मग देवाला फसवायचं नाही म्हणून समासात बारीक अक्षरात, कालची तारीख घालून लिहिलं, 'त्र्याहत्तरच झाली. ह्यांना खोकल्याची उबळ आली. मी ह्यांची पाठ चोळत बसले. क्षमा असावी.'

असे क्षमेचे दिवस वाढत गेले. 'अठ्ठावन्न. जिना चढून आले, दारातच बसले.' 'नव्वद. मोरीत नळ मोकळा सोडून स्टुलावर बसतात. धाप मला ऐकू येऊ नये म्हणून. ऐकू येते.'

वर्ष संपलं, मी भरले. तिने मला कपाटात वर ठेवलं आणि दुसरी वही आणली. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

यजमान दवाखान्यात गेले ते चार वर्षांनी, तेही लेकीच्या धाकाने. फुफ्फुसांचा जुनाट आजार, न सुटणारा. आजार नोकरीतल्या धुराचा आहे असं मान्य झालं, तर सैन्याच्या रुग्णालयात उपचार आणि घरी प्राणवायूचं यंत्र मिळणार होतं. अर्ज दोनदा फेटाळला गेला. नियम असा की, त्रास नोकरी सुटल्यापासून वर्षाच्या आत सुरू झाल्याचा पुरावा हवा. यांच्याकडे त्या वर्षाचा एकच कागद. 'तक्रार नाही' असं लिहिलेला, खाली यांचीच सही.

तिसरी सुनावणी शेवटची होती. एव्हाना यजमानांना बुटाची नाडी बांधतानाही दोनदा थांबावं लागायचं.

आदल्या आठवड्यात नणंद आली. बाईला समासात लिहिताना तिने एकदा पाहिलं होतं, आणि माझा पत्ताही तिला ठाऊक होता.

"वहिनी, ती वही काढ."

"नवसाची आहे गं. कुणाला दाखवायची नाही."

"देवाला सगळं ठाऊक आहे, कबूल. पण शिक्के मारायला त्या कचेरीत देव बसत नाही."

तीन दिवस बाई कपाटापाशी यायची, हात वर करायची आणि परत फिरायची. चौथ्या दिवशी तिने मला खाली काढलं, पदराने पुसलं आणि देवापुढे ठेवून म्हणाली, "नावं तुझी. समास माझा आहे. माझं मी दाखवते. चुकले तर मला शिक्षा कर, ह्यांना नको."

कचेरीतल्या लांब टेबलामागे तिघं होते. एक म्हातारे डॉक्टर, एक अधिकारी बाई आणि एक कारकून. यजमान दाढी गुळगुळीत करून, बूट चमकवून आले होते. खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत.

"त्रास काय होतो?" डॉक्टरांनी विचारलं.

"विशेष काही नाही, साहेब."

"दादा, ही काय भरती चाललीय का?" मागून नणंद पुटपुटली.

अधिकारी बाईंनी फाइल मिटायला घेतली. तेव्हा माझी बाई उठली आणि तिने मला टेबलावर ठेवलं. "नावं वाचू नका," ती म्हणाली. "समास वाचा."

अधिकारी बाईंनी पानं उलटली. "हे गेल्या आठवड्यात बसून लिहिलं नसेल कशावरून?"

"बाई, खोटंच लिहायचं असतं तर रोज शंभर लिहून टाकली असती. देवाला कमी भरली, असं लिहायला फार जड जातं हो."

कारकुनाने माझ्यातल्या बदलत गेलेल्या शाया, तेलाचे डाग, पिवळ्या पडलेल्या कडा निरखल्या आणि होकारार्थी मान हलवली. डॉक्टर एकेक नोंद मोठ्याने वाचू लागले. नळाच्या नोंदीवर ते थांबले.

"नळ का सोडत होतात?"

यजमानांनी बायकोकडे पाहिलं. तिला ठाऊक होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मग त्यांनी खुर्ची मागे ओढली आणि बसले.

"श्वास घेता येत नव्हता, साहेब," ते म्हणाले. "घरी आलो त्या दिवसापासून."

अर्ज मंजूर झाला. यंत्र त्याच महिन्यात घरी आलं, असं नणंद कारकुनाला सांगून गेली.

मी मात्र इथेच राहिले, कचेरीच्या लोखंडी कपाटात, पुरावा म्हणून, अंगावर क्रमांक घेऊन. बाई आठव्या वहीवर असेल. दमली असेल, पण लिहीत असेल. माझ्या शेजारी जाडजूड फायली आहेत, आणि त्यांतल्या कितीतरींत तेच पहिलं वर्ष कोरं आहे. त्या घरांतही कोणीतरी पाठ चोळत बसलंच असेल. लिहिलं नाही, एवढंच.

तुमच्या घरात 'मला काही होत नाही' म्हणणारं कोणी असेल, तर त्यांच्याशी वाद घालू नका. एक वही आणा. देवासाठी लिहा, नाहीतर नुसतं स्वतःसाठी. पण त्यांनी आज काय लपवलं, ते आजच लिहा. आणि तारीख आधी घाला.