खंडेनवमीचा पाठ

गिरधर विसपुते यांनी यंत्रावरची ताडपत्री खाली ओढली, दोरीला आणखी एक गाठ मारली आणि दारात येऊन वाट अडवली.

“भटजी, आत यायचे नाही.”

जीवरामभटांनी उपरणे सावरले. “खंडेनवमीला कारखान्यात भटालाच बंदी? विसपुते, तुमचा देवावर विश्वास नाही, हे जळगावाला ठाऊक आहे. आजपासून देवाचाही तुमच्यावर राहायचा नाही.”

विसपुते झुंबरलाल शेठांच्या यंत्रशाळेत पगारी पेटंट वकील होते. हा धंदा नेमका काय, ते त्यांच्या पत्नी प्रमिलाबाईंनाही शेजारणींना सांगता येत नसे. कोर्टातले वकील त्याला ‘कागदाने भूत बांधणे’ म्हणत.

खंडेनवमीला फाटक उघडायचे, यंत्रांना हार घालायचे आणि गावासमोर ती चालवायची, हा शेठांचा वर्षानुवर्षांचा रिवाज. गेल्या वर्षी नवा रहाट असाच चालवला. पेटंटचा अर्ज व्हायचा होता, आणि चारचौघांत वापरलेली वस्तू कायद्याला नवी वाटत नाही; मग तिच्यावर हक्कही मिळत नाही. धुळ्याचा एक कारखानदार प्रसाद खाऊन गेला आणि दिवाळीला तोच रहाट विकू लागला. विसपुत्यांना काहीही करता आले नाही.

यंदा शेंगा फोडण्याचे यंत्र होते. हिलाल मिस्त्रीने त्यात दोन वर्षे घातली होती. अर्ज टपालाने कलकत्त्याला निघाला होता. तो कचेरीत पोहोचेपर्यंत परक्या नजरेला यंत्र पडता कामा नये.

“पूजा पुढच्या आठवड्यात करू,” विसपुते म्हणाले.

हिलालने मान हलवली. “बिनपूजानं मशीन शे हाई, साहेब. उद्या कोनाना हात सापडना, तं बठ्ठा मन्हा गयामा पडतीन.”

“सगळे त्यालाच धरतील, आणि पूजेशिवाय मजूरही शिवणार नाहीत,” शेठ म्हणाले. “वकीलसाहेब, तुमच्या कायद्याला आत कोण चालतो?”

“गुप्ततेने बांधलेला माणूस. म्हणजे आपला नोकर.”

“आणि नोकरांत संस्कृत कोण शिकलंय?”

सगळ्यांनी विसपुत्यांकडे पाहिले.

“शेठ, मी नास्तिक आहे.”

“असू द्या की. नोकर आहात ना?”

दार लागले. ताडपत्री निघाली. विसपुते पाटावर बसले आणि त्यांच्या ध्यानात आले, की शाळेतल्या संस्कृताचा मागमूसही उरलेला नाही. शब्दन्‌शब्द पाठ असे एकच काही होते: अर्जातले हक्कांचे कलम, ज्यात या यंत्राचा एकेक भाग वर्णिला होता. ते त्यांनी इतक्यांदा खोडून लिहिले होते, की झोपेतही म्हटले असते. त्यांनी डोळे मिटले आणि इंग्रजीतच, पण वेदपाठाच्या चढउताराने, सुरुवात केली. ‘सदरहू’ अशा अर्थाचा शब्द त्यात पावलोपावली येई. तो आला की ते घंटा वाजवत. ‘सदरहू रूळ’ ऐकून हिलालने हात जोडले. ‘सदरहू चाळणी’ला शेठांनी कपाळ टेकले.

पट्टा चढला. शेंगा कडाडल्या आणि खाली टपोरे, अखंड दाणे पडू लागले. मजुरांनी एकच गिल्ला केला.

विसपुते घाम पुसत बाहेर आले आणि जागीच थबकले. जीवरामभट दाराच्या फटीला कान लावून उभे होते.

रुळांतले अंतर, चाळणीचा उतार, सारे काही आपण खणखणीत आवाजात सांगून बसलो होतो!

“भटजी, ऐकलंत?”

“अथपासून इतिपर्यंत.”

“इंग्रजी येतं तुम्हाला?”

“न यायला काय झालं? मॅट्रिकच्या पोरांना शिकवतो मी.”

विसपुत्यांनी चौकट धरली. “मग... यंत्र कसं आहे, ते कळलं असेल.”

“यंत्र?” भटजी चकित झाले. “ते यंत्राविषयी होतं? अहो, शब्द सगळे ओळखीचे, पण एका वाक्याचा अर्थ लागेल तर शपथ.”

विसपुत्यांचा चेहरा असा उजळला, की प्रमिलाबाईंनीही तो तसा क्वचितच पाहिला असेल. जे ऐकणाऱ्याला उमगत नाही, ते उघड झाले असे कोणता कायदा म्हणेल?

भटजी मात्र त्यांना नव्याने न्याहाळत होते. मग ते ओट्यावर सरकून बसले आणि शेजारची जागा त्यांनी उपरण्याने झटकली.

“बसा, विसपुते. आपल्या धंद्यातलं माणूस कधी भेटतच नाही.”