मागच्या सीटचं वजन

नवरा इद्वल गेल्यावर त्याची मोटरसायकल वार्षिक तपासणीला एअरवेनने पहिल्यांदाच एकटीने आणली. बाहेर वेल्सच्या डोंगरांवर धुकं होतं. आत गॅरेजमध्ये, उजेडाची उंची तपासायच्या रेघ मारलेल्या फळ्यावर हेडलाइटचा चंद्र तरंगत होता.

"नापास! उजेड फार खाली पडतोय," मेकॅनिक गेथिन म्हणाला. "दरवर्षी पास करून नेली, की म्हातारा घरी जाऊन दिव्याचा स्क्रू पिळायचा वाटतं. खुळाच होता!"

"माझ्या माणसाला नावं ठेवू नकोस!" फणकारून ती सवयीने मागच्या सीटवर जाऊन बसली.

गाडी मागे दबली. चंद्र अलगद वर सरकला आणि नेमका रेषेवर थांबला.

गेथिनने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि हळूच म्हणाला, "तुला मागे धरूनच लावायचा तर तो. आता दिवा एकटीच्या वजनाला लावू?"

"लाव. पण मी उतरल्यावर."

आणि ती काही उतरेना.