वावरधन्याचा वाटा

रामरावांच्या जिभेला गावात मान होता. कोणाच्या तेरवीत बुंदी कोरडी निघाली, कोणी पंगत वाढल्यावर वरणात गरम पाणी ओतलं, कोणाच्या घरी पाहुण्यांना एक तेल आणि घरच्यांना दुसरं, हे सगळं त्यांना वर्षानुवर्षं तोंडपाठ. माणूस मेला तरी त्याच्या लग्नातली भाजी रामरावांच्या जमाखर्चात जिवंत राही. मात्र रोहीच्या मासाचा विषय निघाला की ते काही बोलत नसत. डोळे बारीक करत आणि घोट गिळत. ऐकणाऱ्यांना तेवढ्यावरूनच भूक लागे.

रोही म्हणजे घोड्याएवढं जनावर, हरणाच्या जातीचं. बाहेरगावचे लोक त्याला नीलगाय म्हणतात. गावात तो शब्द कोणी तोंडात येऊ देत नाही, कारण गाय म्हटल्यावर पुढचं जेवण उतरायचं कसं? धाड गावाकडच्या टेकडीखाली रोह्यांचे कळप दिवसाढवळ्या मक्यात शिरत. मारणं गुन्हा, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच तर वाटपाचा नियम इतका कडक. ज्यानं फासा लावला त्याची मागची तंगडी. ज्यानं पाहिलं, त्याला पाहिल्याचा वाटा. आणि ज्याच्या वावरात जनावर पडलं त्याला काळीज आणि पाठीचं मास. हा वावरधन्याचा वाटा, मानाचा. वाटा ज्यानं खाल्ला त्याचं तोंड बंद झालं. ज्यानं नाकारला तो खबऱ्या. त्याच्या म्हशी मग रात्रीतून सुटतात आणि त्याच्या लेकीच्या लग्नाला आचारी मिळत नाही.

फासा लावण्याची खरी अक्कल रामरावांची. रोही रोज एकाच जागी लेंड्या टाकते, एवढं मोठं रान पडलेलं असताना त्याच ढिगावर येऊन उभी राहते. तिथंच मोटारसायकलच्या क्लचची तार पेरायची. ‘जनावर भुकेनं नाही मरत, सवयीनं मरते,’ असं ते म्हणत. हे त्यांनी ज्याला शिकवलं तो भागवत. आता तो गावातला मोठा माणूस होता. दोन विहिरी, एक कृषी केंद्र, आणि कोणालाही न दुखावणारं हसू.

मग रामरावांची पूनम वनरक्षक झाली. बाजूच्याच जंगलाच्या बीटवर तिला नेमणूक मिळाली. भागवतनं स्वतः तिला शाल घातली, पेढा भरवला आणि म्हणाला, आता आपलीच पोरगी जंगलात हाय, काळजी नाही. रामराव त्या दिवशी खूश होते. पोरीची नोकरी अजून कच्ची होती, म्हणून त्यांनी रानच्या मासाला हात जोडले आणि बकऱ्यावर भागवू लागले. बकरं खाताना त्यांचा चेहरा सासरी आलेल्या जावयासारखा असे. तक्रार नाही, पण आनंदही नाही.

यंदा दिवाळीच्या आगेमागे, मका काढणीला आलेला, सकाळी ते वावरात गेले तर धुऱ्याजवळचा, बांधालगतचा पट्टा लोळवलेला. बाभळीच्या बुंध्याला तारेचा करकचून उठलेला वळ. खाली वाळलेलं रक्त. लेंड्यांचा ढीग अगदी शेजारी. शिकवणी विसरलेली नव्हती.

तिथं त्यांनी एक चूक केली. पूनम याच धुऱ्यावरून ड्युटीला जाते, तिच्या नजरेला नको, म्हणून त्यांनी पायानं माती सारून रक्त झाकलं. घरी येताना त्यांना उगीचच हलकं वाटलं.

दुपारी भागवतचा गडी गोपाल स्टीलचा डबा घेऊन आला. “भागवतभाऊनं पाठवलं. वावर तुमचं, मान तुमचा.” एवढं बोलून तो चपला न काढताच परत गेला. झाकणावर भागवतचं नाव कोरलेलं होतं, आंदणाच्या भांड्यांवर कोरतात तसं, वेलबुट्टीत.

रामरावांनी डबा गोठ्यात नेला. परत पाठवावा तर खबऱ्या ठरायचं. ठेवून घ्यावा तर पोरगी वनखात्यात. मधला रस्ता त्यांना लगेच सुचला: मास उकिरड्यात पुरायचं, डबा धुऊन पाठवायचा. फावडंसुद्धा आणलं. पण पुरण्याआधी झाकण उघडून पाहायला काय हरकत आहे, असं त्यांना वाटलं.

काळपट लाल मास, चरबीचा टिपूस नाही. रानच्या गवताचा, डिंकाचा वास आला आणि फावडं भिंतीला टेकलं ते टेकलंच.

मासाची चूल त्यांच्याकडं पहिल्यापासून गोठ्यातच, तीन दगडांची. कांदे भाजले, खोबरं भाजलं, पाट्यावर स्वतः वाटलं. गंजात, म्हणजे पातेल्यात, तेल हात न आखडता, कारण रोहीला स्वतःची चरबी नसते. त्यांची बायको वच्छलाबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. माळ घातल्यापासून त्या या चुलीकडं यायच्या नाहीत, पण आज आल्या.

“त्या गंजात तुमाले मास दिसून राह्यलं,” त्या म्हणाल्या. “मले पोरीची नोकरी शिजतानी दिसते.”

रामराव म्हणाले, एकच बोटी चाखतो, बाकीचं पुरतो. वच्छलाबाईंनी तीस वर्षांत ही ‘एकच बोटी’ पुष्कळदा ऐकली होती. त्या पाठ फिरवून गेल्या.

मास शिजायला वेळ लागला, रोही लवकर मऊ होत नाही. पण झाली तेव्हा धागा धागा सुटा झाला. पहिल्यांदा तिखट लागलं, मग रस्सा ओसरल्यावर मागून एक गोडी आली, पावसाळ्यात खाल्लेल्या सगळ्या कोवळ्या मक्याची गोडी. रामरावांच्या ध्यानात आलं की हा त्यांचाच मका आहे. आपलंच वावर आपण खातोय, यात गुन्हा कसला? जीभ एकदा वकील झाली की तिच्यापुढं कोणाचं चालत नाही. भाकर संपली, गंजाचा तळ दिसला, हाडं उकिरड्यात गेली.

दिवस बुडायला पूनम आली. गणवेशावर मातीचे डाग, बूट काढायचीही शुद्ध नव्हती. कोणीतरी कार्यालयात फोन केला होता, टेकडीखाली रोही मारली म्हणून. चामडं नाल्यात सापडलं. साहेब उद्या सकाळी येणार होते, आणि गाव तिचंच, म्हणून शोध लावायचं काम तिच्या गळ्यात पडलं होतं. हे सांगता सांगता ती हातपाय धुवायला मोरीवर गेली आणि थांबली. मोरीवर भागवतचा डबा पालथा घातलेला होता.

तिनं तो उचलला, हुंगला, झाकणावरचं नाव वाचलं. मग गोठ्याकडं पाहिलं. चूल अजून धगधगत होती.

“बाबा, खाल्लं?”

“एकच बोटी,” रामराव म्हणाले.

पूनम बाजेच्या कडेला टेकली. तिच्या डोळ्यांत राग सापडला असता तर बरं वाटलं असतं, पण रामरावांना तो दिसेना.

रामरावांनीच मग घाईघाईनं वाट काढून दिली. डबा भागवतचा, नाव कोरलेलं, पुरावा आयता हातात. धर त्याले.

“पंचनाम्यात पह्यला प्रश्न असते, वावर कोनाचं,” ती म्हणाली. “दुसरा, मास कोनाच्या घरी शिजलं. रक्तावर माती कोनं टाकली, तेबी निघन, तुमच्या चपलेचा ठसा हाय तिथं. सगळीकडं तुमचंच नाव येते. भागवतकाकाचं नाव फक्त डब्यावर हाय. ते म्हनतीन, डबा त मी दिवाळीच्या फराळाचा पाठवला होता.”

रामरावांना बाभळीवरचा तारेचा वळ आठवला. फाशातलं जनावर जितकं ओढतं तितकी तार आवळते. भागवतला हे त्यांनीच समजावून सांगितलं होतं, हातवारे करून. आणि लेंड्यांचा ढीग कुठं असतो, तेही.

मग पूनमनं विचारलं, “कशी होती चव?”

खोटं बोलायला हरकत नव्हती. दिवसभर बोललेच होते. पण या एका बाबतीत ती जीभ कधी खोटं बोलली नव्हती.

“लय बेस,” रामराव म्हणाले.

पूनम उठली. तिनं डबा पुन्हा राखेनं घासला, कोरडा केला. रिकामं भांडं परत देत नाहीत, म्हणून वच्छलाबाईंनी न सांगता त्यात गुळाचा खडा टाकला. गणवेश अंगावर तसाच ठेवून पूनम डबा घेऊन भागवतच्या घरी गेली. गल्लीतल्या बायांनी पाहिलं, ओट्यावरच्या माणसांनी पाहिलं. तिथं तिला चहा मिळाला, आणि भागवतच्या बायकोनं तिला कुंकू लावलं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. चामड्याचा पंचनामा झाला, अज्ञात इसम लिहिलं गेलं. कोणी फोन केला होता, ते गावात कोणी विचारलं नाही. भागवतनं तर नाहीच.

नोकरी वाचली. पूनम रोज जाते, रोज येते. भागवतच्या वावराजवळ आली की तिची गाडी आपोआप वेग घेते. जेवायला ती बापासमोर बसते, पण ताटाकडं पाहून जेवते.

संक्रांतीनंतर गोपाल पुन्हा आला. तोच डबा, तीच वेलबुट्टी. रामरावांनी घाबरून विचारलं, आता कोणाच्या वावरात पडली?

“भागवतभाऊच्याच,” गोपाल म्हणाला.

“मंग हे माह्याकडं काऊन?”

गोपालला या प्रश्नाचं नवल वाटलेलं दिसलं. त्यानं घरात वाकून पाहिलं. “तुमच्यासाठी नाही, मामा. पूनमताईचा वाटा हाय.”

रामरावांनी हात पुढं केला नाही. मागंही घेतला नाही. आतून पूनम आली, तिनं डबा घेतला आणि गोठ्याच्या दाराशी नेऊन ठेवला. झाकण बंद होतं, तरी वास आला, आणि रामरावांच्या तोंडाला पाणी सुटलं.