उपकेंद्राच्या अंगणातली मिरची

आरोग्य उपकेंद्राच्या सिमेंटच्या अंगणात वच्छला सकाळपासून मिरची वाळत घालत होती. गावात एवढी सपाट जागा दुसरी नव्हती, आणि तिकडे कोणी फिरकत नसल्यामुळे मिरचीला पाय लागत नव्हता. पेशंट गावात पुष्कळ होते, पण उपकेंद्रात औषध नव्हतं.

वच्छलाचा नवरा मधुकरराव दम्याचे. धाप लागली की त्यांना भिवापूरच्या दवाखान्यात न्यायचं, तेही ऑटो मिळाला तर. मागच्या खेपेला वाटेतच ओठ निळे पडले होते. तेव्हापासून ती वाफेचं मशीन मागत होती आणि एकच उत्तर ऐकत होती, की यंदा प्राधान्य शुगरला आहे. शुगर तपासायच्या पट्ट्या कपाटात मावत नव्हत्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

त्या दिवशी जिल्ह्याहून कृष्णकांत साहेब पाहणीला आले. वच्छलाने हात जोडून मशीनचं काढलं. साहेबांनी तेच प्राधान्याचं पुराण लावलं आणि वर, आधी हे अंगण साफ करा, असं फर्मावलं.

"साहेब, वारा सुटून राहिला. तुमी आत बसा, मंग उचलते."

"आत्ता. माझ्यासमोर."

हुकूम तो हुकूम. वच्छलाने खराटा घेतला. पहिल्या फटक्याला साहेबांना शिंक आली, दुसऱ्याला ठसका, आणि मग छातीतून शिट्टी वाजायला लागली. साहेबही दम्याचेच निघाले, आणि त्यांचा पंप राहिला होता मनीषनगरच्या घरी. भिंतीला धरून त्यांनी उपकेंद्राच्या मिनल सिस्टरला खुणेनेच मशीन मागितलं. सिस्टरने जे होतं ते केलं, त्यांची शुगर तपासली. ती नॉर्मल आली.

वच्छलाला आधी हसू आलं. पण ती शिट्टी तिच्या ओळखीची होती, म्हणून मग दयाही आली. ड्रायव्हरने साहेबांना गाडीत घातलं तेव्हा ती काचेशी वाकली.

"आमच्या घरच्यायले बी असंच होते, साहेब. फक्त त्यायले गाडी नसते."

आठवड्याच्या आत मशीन आलं. गावाने नारळ फोडला. पुढे मधुकररावांना धाप लागली तशी वच्छला त्यांना घेऊन धावत उपकेंद्रात गेली. मशीन होतं, त्यात घालायचं औषध नव्हतं. ते पुढच्या वर्षीच्या प्राधान्यात आहे, असं सिस्टरने मान खाली घालून सांगितलं. पुन्हा ऑटो, पुन्हा भिवापूर. मधुकरराव वाचले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी वच्छला मिरचीचं पोतं घेऊन अंगणात हजर.

"मिनल, साहेब पुन्हा कधी येऊन राहिले वं?" असं विचारून तिने पोत्याचं तोंड सोडलं.