बुजगावण्याचा चष्मा

“डोळे फुटले का तुझे?” माझा धाकटा भाऊ बायकोवर ओरडला आणि हातातलं कलिंगड त्याने वाळूवर आपटलं. आतून पांढरंफटक निघालं. “सात फळं तोडलीस, सातही कच्ची! गाडी यायची वेळ झाली. आता व्यापाऱ्याला काय हे भोपळे देऊ?”

माझी भावजय विळा खाली ठेवून उभी राहिली. तिला घरात सगळे धाकटी म्हणतात. एरवी एकाला चार ऐकवणारी बाई, पण त्या दिवशी पदराने नुसता डावा डोळा पुसत राहिली.

नदी आटली की पात्रातल्या वाळूत आम्ही कलिंगडं लावतो. देठाजवळ वेलीला फुटलेली गुंडाळलेली तार वाळली की फळ तयार. ती तार दहा पावलांवरून ओळखणारी आमच्यात एकटी धाकटीच, म्हणून तोडणी तिच्याकडे.

“मला वाळलेली दिसली,” ती म्हणाली.

“हिरवीगार आहे! दादा, तूच सांग.”

मी झोपडीच्या सावलीत पुस्तक घेऊन बसलो होतो. तार हिरवीच होती. तिचा डोळाही मला दिसला. नाकाकडच्या कोपऱ्यातून लालसर मांस बुबुळावर चढलं होतं. मी पुस्तकात मान घातली. गप्प बसणं मला चांगलं जमतं. चारचौघांत मी एकदाच तोंड उघडलं होतं, आणि ते उघडायला नको होतं.

तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. दुपारी ती वाळू आरशासारखी चमकते. वरून ऊन, खालून ऊन, आणि वारा सुटला की डोळ्यांत मूठमूठ रेती. एके सकाळी धाकटी काळा चष्मा लावून आली. बाजारातून आणलेला, चेहऱ्याला जरा मोठा. सगळे तोडणीवाले बघत राहिले. हसावं की नाही, हे कुणालाच ठरवता येईना. तेव्हा मी, तिचा मोठा दीर, गावच्या वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं सांभाळलेला माणूस, म्हणालो, “सिनेमातली नटी आली रे! छत्री कोण धरतंय?”

हसण्याचा फुगा फुटला. भाऊ तर पोट धरून वाळूवरच बसला. शेजारची मावशी, जिला सगळा गाव रेडिओ म्हणतो, तिने ते दिवस मावळायच्या आत घरोघर पोचवलं. माझ्या बोलण्यावर माणसं हसली ती जन्मात तेवढी एकदाच. मला ते फार गोड वाटलं, हे लिहायला हात जड होतो, पण खरं आहे.

धाकटीने अर्धा दिवस सोसलं. “नटीबाई, इकडे या.” “नटीबाई, जरा पाटी उचला.” दुपारी तिने चष्मा काढला आणि वाडीतल्या बुजगावण्याच्या तोंडावर अडकवला. “ह्यालाच शोभतो,” म्हणाली. तेव्हापासून दरसाल बुजगावणं नवं, चष्मा तोच.

कच्च्या फळांच्या दुसऱ्या दिवशी मी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. भाऊला तोडणी सोडून येता येईना. डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या वर करून उजेड टाकला.

“किती वर्षं उन्हात काम करता?”

“लग्न झाल्यापासून. आता कलिंगडाची तारही हिरवी की वाळलेली, कळत नाही.”

“उन्हाने आणि रेतीने वाढलंय हे मांस. आणखी थोडं पुढं सरकलं तर ह्या डोळ्याने तार सोडा, नवरासुद्धा ओळखू येणार नाही.”

“मग राहू दे की तसंच,” धाकटी म्हणाली. डॉक्टरीणबाई हसल्या. मला हसू आलं नाही.

“कापून काढू. पण पुन्हा उघड्या डोळ्यांनी उन्हात गेलात तर पुन्हा वाढेल. काळा चष्मा कधी वापरलाच नाही का?”

मी फरशीकडे बघत राहिलो. आता ती सांगणार, आणि सांगावंच तिने, असं मनात येत होतं.

“माझ्याच्याने नाही जमलं,” ती म्हणाली.

बाहेर बाकावर बसल्यावर मी कसंबसं बोललो. “धाकटे, चष्म्याचं मला माहीत होतं गं. तेव्हाच माहीत होतं. मासिकात वाचलं होतं मी.”

“मलाही माहीत होतं तुम्हाला माहीत आहे ते.”

“कसं?”

“भाऊजी, वाचनालयाच्या फळ्यावर तुम्हीच लिहिलं होतं. उन्हात डोळे जपा, गडद चष्मा लावा, रुंद काठाची टोपी घाला. मला कुठं भराभर वाचता येतं? पाण्याला जाता-येता एकेक अक्षर लावत दोन दिवसांत वाचलं. म्हटलं, भाऊजींनी लिहिलंय म्हणजे खरं असणार. मग आणला.”

ती हे रागाने बोलली असती तर मला बसता आलं असतं. मी उठलो आणि उगाच पाणी प्यायला गेलो.

डोळ्याचं काम झालं. महिनाभर तिला वाळूत पाऊल टाकू दिलं नाही. त्या महिन्यात एकदा मी बुजगावण्याचा चष्मा काढून आणला. काचा रेतीने घासून आंधळ्या झाल्या होत्या, एक काडी तुटलेली. त्याच्या फाटक्या तोंडावर मात्र चष्म्यामागचं कापड अजून नव्यासारखं होतं. बाकी सगळं उन्हाने विटलेलं.

शेवटच्या तोडणीला ती निघाली तेव्हा मी दोन चष्मे आणले होते. एक तिला दिला, एक मी लावला. डोक्यावर काठाची टोपी घातली. पात्रात उतरलो.

“आगं आई गं!” रेडिओ मावशी लांबूनच ओरडली. “नटी होतीच, आता म्हातारा हिरोही आला! धाकटे, गाणं कुठल्या झाडामागं?”

सगळी वाडी हसायला लागली. भाऊही. मान खाली घालून मी चालत होतो. कान तापले, पाय वाळूत रुतायला लागले. तिने अर्धा दिवस सोसलं होतं, मला शंभर पावलंसुद्धा जड गेली. माझा हात आपोआप चष्म्याकडे गेला.

“भाऊजी,” धाकटी मागून म्हणाली, “हात खाली.”

मी हात खाली घेतला.