नाल्क आळ

लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली. एवढंच हाय. लोकांना वाटतं पूलवाल्याला काय तरी लई मोठं येतंय.

मी बिरुदेव. बिरू म्हणत्यात. घरात मेंढरं, शाळा मधीच सुटली, मग मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून हे काम शिकलो. सोलापूरच्या आसपास फार्महाऊसला कुणाला पोहायचा पूल करायचा असला की आता माझा नंबर देत्यात.

गुरुशांत आण्णांचं सात रस्त्याला कापडाचं दुकान. त्यांनी मैंदर्गीच्या रस्त्याला जमीन घेतली, बंगला बांधला, बंगल्याम्होरं पूल. खड्डा नि काँक्रीट मडिवाळप्पा मेस्त्रीचं. टाईल, पाईप, फिल्टर माझं. पोरगी शिवानी, दुसरीत. रविवारी तिचा वाढदिवस. वर्गातली सगळी पोरं पूलमधे उतरणार म्हणून तिनं सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

"बिरू, पाणी किती लागंल?" आण्णांनी विचारलं.

"तीस बाय पंधरा. हिकडं तीन फूट, तिकडं पाच. मधलं चार धरा. अठराशे घनफूट झालं. एका घनफुटाला अठ्ठावीस लिटर. पन्नास हजार नि वर थोडं. धा हजारी टँकर, पाच."

"पाचच न्हवं?"

"पाचच."

टँकर दुधनीच्या बसूचा. पाच टँकर ओतले, पाणी बरोबर वरच्या निळ्या टाईलला लागलं. शिवानीनं पायरीवर बसून पाय बुडवले. मला लई बरं वाटलं. कागदावरचं गणित असं डोळ्यासमोर भरलेलं दिसलं की बरंच वाटतं.

सकाळी बघतो तर पाणी वीतभर खाली.

आण्णांनी पहिल्यांदा बसूलाच धरलं. "टँकर भरून आणत न्हाईस तू."

"आण्णा, वर चढून झाकण उघडून बघा की. मी काय वाटंत पितोय व्हय?" बसू म्हणला.

मी म्हणलं थांबा. बादली लावतो. त्याची एक पद्धत हाय. पूलचंच पाणी बादलीत भरायचं, बादली पायरीवर ठेवायची, आतल्या नि बाहेरच्या पाण्याला खूण करायची. उन्हानं आटलं तर दोन्हीकडं सारखंच उतरतं. दुसऱ्या दिवशी बादलीतलं नखभर उतरलं हुतं. पूलमधलं परत वीतभर. तीस बाय पंधराची वीतभर म्हंजे जवळजवळ एक टँकर.

पाईप तपासले. सगळी तोंडं बुच मारून बंद केली. तरी पाणी उतरायलंच. नि बाहेर कुटंच ओल न्हाय. कंपाउंडच्या भोवतीची माती कोरडी ठणठणीत. एवढं पाणी जातंय तर कुटं तरी निघायला पायजे की. ते निघतच नव्हतं.

मी काठावर उकिडवा बसलोवतो तेव्हा शेजारच्या रानातली काशम्मा शेळ्या घेऊन कुंपणाच्या तारंपशी आली. म्हातारी कानडीच बोलती. मला कानडी बाजारापुरतं येतंय, कोकराचा भाव करण्यापुरतं. ती कितीतरी वेळ पाण्याकडं बघत हुभी ऱ्हायली. मग काठी खाली दाखवून म्हणली,

"इदर केळग नाल्क आळ ऐती."

इदर म्हंजे ह्येच्या, केळग म्हंजे खाली. नाल्क म्हंजे चार. आळ तर कुणालाबी ठाऊक हाय. आळ म्हंजे कामाचा माणूस, मजूर. आळ सिगंगिल्ल, मजूर मिळंना, हे हितं प्रत्येक रानात ऐकू येतं.

खाली चार माणसं हायत.

माझ्या हातातली टेप तशीच ऱ्हायली. "यारू, अव्वा?" कोण, म्हणून विचारलं.

"हळे बसप्पंदु." जुन्या बसप्पाचं. मग दोन्ही हातांनी वरनं काय तरी लोटल्यासारखं केलं. "कल्ल मुच्यार."

कल्ल म्हंजे दगड. दगड घालून झाकलं. आणखी काय विचारायचं ऱ्हायलं नव्हतं. ती शेळ्यांमागं निघून गेली.

आण्णांना मी मराठीत सांगितलं. "आण्णा, पूलखाली चार माणसं पुरल्यात म्हणं. बसप्पाची माणसं. दगड टाकून."

बसप्पा म्हंजे ज्याच्याकडनं जमीन घेतली त्याचा आज्जा.

"कवाचं?"

"ते सांगितलं न्हाय."

"पटकीत मेली असतील. त्या वक्ताला असंच पुरत हुते." मग आवाज बारीक करून, "शिवानीच्या आईला बोलू नको."

दुसऱ्या दिवशी जंगम स्वामी आले. विभूती, बेलाचं पान, नारळ. पूजा करताना बी त्यांची नजर पाण्यावर. पाणी तेवढ्या वेळात बी केसभर उतरलं असंल, मला उगीच दिसल्यासारखं झालं. स्वामी म्हणले, "तहानलेले हायत. पाणी मागायलेत. नको म्हणू नका, देत ऱ्हावा."

आण्णांनी बसूला फोन लावला. एक टँकर ओतला. मग आणखी एक. मग आणखी एक. पाणी वर यायचं, रात्रीतनं खाली जायचं. माझ्या गणितात तहानेला जागा नव्हती, म्हणून मी नुसतं टँकर मोजत हुतो. खरं सांगायचं तर घाबरलोवतो. एकटा काठावर बसायचं बंद केलंवतं.

शनिवारी मधल्या टाईलच्या फटीतनं बुडबुडे यायला लागले. बारीक. एकामागं एक. जोंधळ्याएवढे.

रविवारी सकाळी बसू शेवटचा टँकर घेऊन आला तो उशिरा. पोरं यायला लागलीवती. फुगे, गाणी, बायकांची गडबड.

"काय बे, वेळ बघितलास का?" मी म्हणलो.

"काय करू. जिथनं भरतो ती विहीरच खाली गेली, बे. परवा तीन आळ हुतं, आज दीड आळ ऱ्हायलंय."

"दीड आळ?"

"व्हय."

"दीड माणूस कसला, बे?"

बसू हसायला लागला. "माणूस न्हवं, पाणी. माणूस हुभा केला की झाला एक आळ. विहिरीची खोली आमच्यात तशीच मोजत्यात. तुमच्यात पुरुष म्हणत न्हाईत का, दोन पुरुष पाणी, तीन पुरुष पाणी? तेच."

"मग खरी माणसंच सांगायची असली तर?"

"तर अदार म्हणायचं. माणसं असली की अदार. खोली असली की ऐती. एवढं बी येत न्हाय नि दुधनीच्या बाजारात कोकरं विकतोस व्हय?"

ऐती. म्हातारी ऐती म्हणलीवती.

बसू पाईप सोडायला लागला, मी त्याचा हात धरला. "ओतू नको. एक थेंब ओतू नको."

जुन्या बसप्पाची विहीर. चार पुरुष खोल. वर दगड टाकून झाकलेली. नि मडिवाळप्पानं त्या दगडांवर काँक्रीट ओतलं, त्यावर मी टाईल लावली, त्यावर पन्नास हजार लिटर पाणी. एक लिटर म्हंजे एक किलो, पन्नास टन वजन त्या झाकणावर.

गणित आपोआप डोक्यात पळायला लागलं. विहीर पंधरा फुटी धरली, तर मुरलेले पाच-सहा टँकर म्हंजे तिच्यात धा-बारा फूट पाणी. चार आळ म्हंजे बावीस-चोवीस. ऱ्हायलं काय? आमी सगळे इतके दिवस किती पाणी गेलं ते मोजत हुतो. किती पोकळी ऱ्हायली ते कुणीच मोजलं नव्हतं. नि पाणी आत शिरंल तशी आतली हवा वर येणार. तेच बुडबुडे.

मी पळत पूलपशी आलो. पोरं पोहायचे कपडे घालून रांगंत. शिवानी पहिल्या पायरीवर, घोट्याएवढ्या पाण्यात. फुगलेली रिंग कमरंला.

बोलायला दम नव्हता. आण्णा पाव्हण्यांत हुते, तिथवर जाऊन समजावून सांगंस्तवर पोरं आत असती. पंपापशी क्लोरीनची बादली हुती. ती उचलली नि सगळी पूलमधे उपडी केली.

वास असा आला की बायकांनी पदर नाकाला लावले. "औषध जास्त पडलंय," मी म्हणलो. "डोळे जात्याल. पोरांना मागं घ्या."

आयांनी पोरं ओढून घेतली. शिवानी हलंना. "माझा वाढदिवस हाय," म्हणली, नि ओठ काढला.

आण्णा आले. त्यांनी बादली बघितली, मला बघितलं. "काय केलंस?"

"आण्णा, तिला वर घ्या. खाली विहीर हाय."

"आता विहीर? तवा माणसं हुती."

"ते माझं चुकलं—"

"पाव्हण्यांसमोर माझी शोभा करतोस व्हय?" आवाज चढला न्हाय, पण मान लाल झाली. त्यांनी चप्पल काढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली नि शिवानीचा हात धरून आत उतरले. "चल गं. मी हाय न्हवं. जरासं वासानं काय हुतंय."

एक पायरी. दुसरी. मग तळ. शिवानीला त्यांनी रिंगंसकट उचलून घेतलं नि तसेच खोल बाजूकडं चालायला लागले. पाणी मांडीला लागलं. बुडबुडे त्यांच्या म्होरं चार-पाच हातांवर. आता जोंधळ्याएवढे नव्हते, लिंबाएवढे हुते.

मी मराठीत किती बी सांगितलं असतं तरी ते थांबले नसते. म्हणून म्हातारी बोलली ते तसंच्या तसं म्हणलो.

"आण्णा, काशम्मा म्हणली, इदर केळग नाल्क आळ ऐती."

ते थांबले.

"काय म्हणली?"

"नाल्क आळ ऐती. कल्ल मुच्यार."

"ऐती म्हणली का अदार म्हणली?"

"ऐती."

घरात कानडीच बोलणारा माणूस. त्यांना पुढचं काय सांगायला लागलं न्हाय. मी त्यांचा चेहरा बघत हुतो. आधी तो पांढरा पडला, मग त्यावर काहीच ऱ्हायलं न्हाय. ते वळले बी न्हाईत. तसेच, तोंड तिकडंच ठेवून, मागं मागं यायला लागले. पाय उचलत नव्हते, सरकवत हुते. शिवानी त्यांच्या खांद्यावरनं मला जीभ दाखवत हुती.

मधे एकदा टाईलचा कट्ट असा आवाज आला. ते थांबले. मग परत सरकले. मी हात पुढं केला तवा त्यांची बोटं गार हुती. बाहेर आले तरी ते काठावर थांबले न्हाईत, पार गेटपतोर गेले नि तिथनं म्हणले, "सगळ्यांना हिकडं घ्या. बंगल्यात न्हाय. हिकडं, रस्त्याला."

माणसं हसत, कुरकुरत आली. केक टेबलावरच ऱ्हायला. कुणी तरी विचारत हुतं झालं काय, नि आण्णा पोरं मोजत हुते.

आवाज मोठा झाला न्हाय. कुणी तरी लांब घोट घ्यावा तसा झाला. निळं पाणी मधनं खोल गेलं, फिरलं, नि माझ्या टाईलसकट खाली निघालं. फुगे तेवढे वर तरंगत, गोल गोल फिरत ऱ्हायले, मग ते बी गेले. शेवटी काळं भोक दिसलं नि कितीतरी खाली पाण्यात दगड पडायचा आवाज. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं दाखवायलाच केलंय.

"पप्पा, सोडा की," शिवानी म्हणली. "दुखतंय."

आण्णांनी सोडलं न्हाय.