पहिलं पाणी मातीला

"पहिलं गं पाणी, माती पिईल घोटानं,
दुसरं गं पाणी, जाऊ दे त्याच्या वाटेनं."

पितळी पातेल्यात रुमाल बुचकळताना आई हे गुणगुणायची. पन्नास वर्षं झाली, तरी शिंपीणबाईच्या कानात तो आवाज ओलाच होता. तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची. चर्चच्या मागच्या भिंतीशी उकिडवी बसून विचारायची, "मातीलाच का गं?"

"वेदीवरचा द्राक्षारसाचा प्याला पुसलेला रुमाल आहे हा, बये. देवाच्या रक्ताचा थेंब असतो ह्यात, भाकरीचा कण असतो. तो काय गटारात सोडायचा?" असं म्हणून आई ते पाणी भिंतीलगतच्या गुलाबाच्या मुळाशी ओतायची.

चर्च बांधलं गवंड्यांनी. मग बंदरावरचे खलाशी आले, गिरणीमागोमाग शिंपी आले. जो तो आपली भाषा पोटाशी धरून आला. कोण कुठून आलं हे कुणी विचारलं नाही. कोण कशासाठी आलं, त्यावरूनच रविवार ओळखला जायचा. रविवारची मोठी प्रार्थना, मिस्सा, आज गवंड्यांच्या भाषेत, पुढच्या रविवारी खलाशांच्या. कामंही वाटून घेतलेली. छप्पर गवंड्यांचं, घंटा खलाशांची, वेदीची कापडं शिंप्यांची. शेवटी मोठ्या इस्पितळात नर्सा आल्या, तेव्हा वाटायला काही उरलंच नव्हतं. त्या बिचाऱ्या मागच्या बाकावर बसायच्या आणि सगळ्यांच्या भाषेत 'आमेन' म्हणायच्या.

आईनंतर कापडांचं काम शिंपीणबाईकडे आलं; साठीला टेकल्यावर तिचा हात कापू लागला. एकदा इस्त्री जरा जास्त टेकली आणि वेदीच्या कापडावर पिवळा डाग उमटला. फादरनी कापड तेवढं उलटं अंथरलं. पण पुढच्या आठवड्यात ते नर्सांमधल्या सगळ्यात धाकटीला घेऊन तिच्या दारात उभे.

"बाई, हिला जरा हाताशी घ्या. तुम्ही सांगा, ही करेल."

हाताशी कसली! महिन्याभरात कपाटाची किल्ली नर्सच्या कमरेला आली. आणि इस्त्री तरी काय करावी पोरीनं! घडी अशी की कागदाची वाटावी. खळ अशी की कापड हातात बोलावं. मिस्सा संपली की बाया वेदीपाशी जाऊन बोट फिरवून बघायच्या आणि "अगं बाई!" म्हणायच्या. त्यातल्या दोघी तर खुद्द शिंप्यांच्या घरातल्या. शिंपीणबाईच्या पोटात ते "अगं बाई" निखाऱ्यासारखं पडायचं.

तिनं नर्सला सगळं शिकवलं. खळ किती दाट ठेवायची, घडी कुठून मोडायची, कोणतं कापड कशावर अंथरायचं, सगळं. एक तेवढं सांगितलं नाही.

"मावशी, आणखी काही राहिलं का?" नर्सनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तिच्या गावाकडे हे काम मठातल्या सिस्टर करायच्या, तिनं कधी पाहिलंही नव्हतं.

"काय राहायचंय? धुणं ते धुणं."

त्यानंतर शिंपीणबाई दर शनिवारी वेदीमागच्या खोलीत काहीतरी शोधायच्या निमित्तानं जायची. नर्स रुमाल बुचकळायची, पिळायची आणि पहिलं पाणी सरळ मोरीत ओतायची. पाणी गुळगुळ करत जायचं. शिंपीणबाईच्या काळजात चर्र व्हायचं आणि त्याच काळजात कुणीतरी टाळीही वाजवायचं. बाहेर गुलाबाची माती भेगाळली होती. त्याला साधं पाणी घालायचंही तिला सुचलं नाही, इतकी ती वाट बघण्यात गुंतली होती.

त्यात धर्मग्रामाला, म्हणजे ह्या चर्चच्या वस्तीला, पंचाहत्तर वर्षं होणार म्हणून फादरनी इतिहासाची पुस्तिका काढायला घेतली. कापडांच्या पानावर फोटो कुणाचा? नर्सचा, हातात घड्यांची चळत घेऊन. "फोटोत तरतरीत माणूस बरं दिसतं," कुणीसं म्हणालं. शिंपीणबाई हसली. घरी आल्यावर मात्र तिनं मशीनची सुई तीनदा मोडली.

पुस्तिकेच्या बैठकीला सगळे जमले, तेव्हा गवंडीकाका उभे राहिले. त्यांच्या आजोबांनी चर्चची पहिली वीट ठेवलेली, त्यामुळे ते बसून कधी बोलतच नसत.

"फोटो राहू दे बाजूला. परवा मी छताची गळती बघायला आलो होतो. ह्या पोरीनं प्याल्याच्या रुमालाचं पाणी मोरीत ओतलं. ह्या डोळ्यांनी पाहिलं!"



"पहिलं पाणी?" खलाशांची म्हातारी पुटपुटली. "मोरीत?"

"नव्या लोकांच्या हाती दिलं की असंच व्हायचं," मागून कुणीतरी म्हणालं. नर्सांच्या बाकावर माना खाली गेल्या. एकीनं तर पर्स उचलून उठायची तयारी केली.

शिंपीणबाईला वाटलं, झालं. आता किल्ली परत येणार, पानावरचा फोटो बदलणार. एवढ्याचसाठी तर तिनं इतके शनिवार तोंड शिवून ठेवलं होतं.

फादर हळूच म्हणाले, "पोरी, तुला हे कुणी सांगितलं नव्हतं का?"

नर्सनं शिंपीणबाईकडे पाहिलं. क्षणभरच. "धुणं ते धुणं" तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं.

"मावशींनी सांगितलं असेल," ती म्हणाली. "मीच विसरले असेन."

बाकांवरचे चेहरे निवळले. "पोर कबूल तरी करते," खलाशांची म्हातारी म्हणाली. गवंडीकाकासुद्धा खाली बसले.

शिंपीणबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इस्त्री हिची, किल्ली हिची, फोटो हिचा. आता चांगुलपणासुद्धा हीच घेऊन जाणार? माझ्या पापावर पांघरूण घालून वर हीच देवाची लाडकी? ती ताडकन उठली. 

"खोटं बोलते ही! मी सांगितलंच नव्हतं."

"बाई..." फादर म्हणाले.

"थांबा फादर, निघालंय तर निघू द्या. हिनं विचारलं होतं, मीच सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. दर शनिवारी निमित्त काढून येऊन बघत होते मी, ही कधी पकडली जाते ते."

मग ती नर्सकडे वळली. आवाज खाली आला, आईच्या आवाजाइतका खाली.

"पहिलं पाणी मातीला घालायचं असतं, पोरी. मागच्या गुलाबाला. आणि तुझी इस्त्री माझ्यापेक्षा चांगली येते. माझ्या आईपेक्षाही."